मारा नदीकाठचे आलिशान तंबू: जंगल वाचवतात की वाट अडवतात?

भटकभवानी
"श्रीमंत पर्यटक येतात म्हणूनच केनियातलं मसाई मारा अभयारण्य टिकलंय, नावं ठेवणारे जळतात," असं कालच्या सफारीच्या धाग्यावर वाचलं आणि राहवलं नाही. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतले लाखो विल्डबीस्ट (गायीसारखी दिसणारी मोठी हरणं) गवताच्या मागे उत्तरेला, नदी ओलांडून माराकडे सरकतात. नदीकाठी गाड्यांची भिंत दिसली की पुढची जनावरं बिचकून वळतात, पण मागून रेटा चालूच असतो. मग भलत्याच उभ्या कड्यावरून उड्या. तिथे डुंबायला खासगी छोटा तलाव असलेले तंबू कशाला? ऑगस्ट 2025मध्ये माराला मिळणाऱ्या सँड नदीकाठी असाच कॅम्प उघडला, तेव्हा कळपांची वाट अडते म्हणून तिथल्या मासाई जमातीचे एक नेते नारोकच्या कोर्टात गेले. तेही जळतात का?

टेलीलेन्स
अर्धीच गोष्ट सांगताय. तो कॅम्प वाटेवर नाही, असं केनियाच्या वन्यजीव खात्याने सांगितलं होतं. आणि नाबोइशो, मारा नॉर्थ या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे अभयारण्याला लागून असलेले राखीव पट्टे, कशा चालतात? मासाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने, कॅम्पात खाटा मोजक्या, दर चढे. भाडं थांबलं तर उद्या तिथे कुंपणं उभी राहतील. माराजवळच्या लोइटाच्या मैदानात गव्हाची शेती आली, तिकडचे विल्डबीस्ट किती उरले ते बघा.

भटकभवानी
कॉन्झर्व्हन्सीला मी नावं ठेवलीच नाहीत. मी नदीकाठाबद्दल बोलतेय.

हिशेबनीस
कॅम्प राहू दे. जुलै ते डिसेंबर माराची प्रवेश फीच माणशी रोज 200 डॉलर, त्यावर ड्रायव्हरला टीप! पाकिटात किती घालायचे यावरून आमच्या ग्रुपमध्ये पार नैरोबी विमानतळापर्यंत भांडण. पगार मालकाने द्यायचा की आम्ही?

सावजी_स्पेशल
लाखोंची लेन्स घेताना हात थरथरत नाही, टीप देतानाच कसा हिशेब आठवतो बे?

हिशेबनीस
माझ्याकडे लेन्स नाही. मोबाईलवर काढतो. उगाच वैयक्तिक होऊ नका.

कोथरूडची_काकू
टीपचंच ऐका. आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करून शहाण्यासारखा मागे थांबला होता. गाडीतले एक गृहस्थ सारखे "गो, गो!" करत सीटवर थापा मारत होते. शेवटी बिचाऱ्याने गाडी काठाला घातली. पाण्यात पाय घातलेले झेब्रे वळले, कळपही पांगला. रात्री हेच गृहस्थ पाकिटातून एक नोट परत काढून घेत होते. का, तर क्रॉसिंग, म्हणजे कळपाचं नदी ओलांडणं, दाखवलं नाही!

हिशेबनीस
म्हणजे गाड्या काठावर घुसतात तेही आमच्यामुळेच. धन्य आहे.

सावजी_स्पेशल
मग काय विल्डबीस्टमुळे? जुलै 2025मध्ये सेरेंगेटीत लोक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे होते. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला.

टेलीलेन्स
तेच म्हणतोय! महागड्या कॅम्पांपेक्षा ही झुंडशाही आवरा.

भटकभवानी
महागड्या कॅम्पच्या गाड्या काय हवेत तरंगतात? त्याही त्याच काठावर असतात, फक्त आत थंडगार शॅम्पेन असते.

टेलीलेन्स
बरं बाई, अगदी काठाला नवा तंबू नको, मान्य. झालं समाधान?

भटकभवानी
उपकार झाले. तुमच्या मान्यतेसाठीच कळप पलीकडे खोळंबला होता.

हिशेबनीस
टीपचा आकडा कुणी सांगेल का? ऑक्टोबरात मेव्हणा निघालाय.