स्टेरॉइडवरच्या पेशंटसाठी हाडांचा अलर्ट येतच नाही

दादर_ओपीडी:
संधिवात आणि दम्याचे बरेच पेशंट. ई-प्रिस्क्रिप्शनमध्ये नियम घातलाय: प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) रोज २.५ मिग्रॅ किंवा जास्त, ३ महिने किंवा जास्त, तर फ्रॅक्चरचा धोका तपासा आणि कॅल्शियम-डी३ सुचवा. वर्ष-वर्ष स्टेरॉइडवर असलेल्यांनाही अलर्ट येत नाही. अडतंय कुठे?

चिठ्ठी_ते_कोड:
तुमचा नियम बहुतेक एकेका चिठ्ठीचे दिवस मोजतोय. ओपीडीत आपण लिहितो १५ दिवसांचं, मग ९० भरणार कधी? मागच्या १२ महिन्यांतल्या चिठ्ठ्यांचे दिवस जोडून घ्या.

नियम औषधाच्या नावावरही ठेवू नका, एटीसी (औषधांच्या वर्गीकरणाचा कोड) गट एच०२एबी, म्हणजे पोटातून-इंजेक्शनने द्यायची स्टेरॉइड्स, धरा. नाहीतर डेफ्लाझाकॉर्टसारखं दुसरं स्टेरॉइड निसटतं. त्याचे ६ मिग्रॅ, मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ मिग्रॅ म्हणजे साधारण ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन. हे गुणोत्तर ड्रग मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधली औषधांची मूळ यादी) भरावं लागतं. आणि ‘१० मग ५ मग बंद’ असा टेपर (डोस उतरवत नेणं) सूचनांच्या रकान्यात टाइप केला तर सॉफ्टवेअरला त्यातला एक आकडाही दिसत नाही. प्रत्येक टप्प्याची वेगळी ओळ करा.

एक भोक मात्र बुजत नाही: जुनीच चिठ्ठी दाखवून पेशंट केमिस्टकडून गोळ्या घेत राहतात. त्यासाठी रिसेप्शनच्या फॉर्मवर ‘सध्या स्टेरॉइड चालू?’ ही टिक हवीच.

केमिस्ट_मुलुंड:
अलर्टमधून जी तयार ऑर्डर निघते तीही तपासा. डी३ ६०,००० युनिटचं सॅशे निवडलं की कित्येक ठिकाणी आपोआप ‘दिवसातून एकदा’ येतं. रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, पुढे किडनीला इजा. टेम्प्लेटमध्येच ‘आठवड्यातून एकदा, ८ आठवडे’ बांधा आणि छापील चिठ्ठीवर वार येऊ द्या, ‘दर रविवारी’. नुसतं ‘वीकली’ कुणी वाचत नाही.

कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ म्हणजे कॅल्शियम ५०० मिग्रॅच. मास्टरमध्ये क्षाराचं वजन भरलं असेल तर आहारासकट दिवसाचे १०००–१२०० मिग्रॅ कागदावर पूर्ण दिसतील, पोटात जाणार नाहीत. थायरॉक्सिन चालू असेल तर मध्ये ४ तास.

हाडवैद्य_ठाणे:
पॉप-अप चिठ्ठी उघडताच नको, सही करताना द्या, तोही तयार ऑर्डरसकट. दर भेटीला आला की सगळे न वाचता बंद करतात. ‘डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) झालंय’, ‘पेशंट नको म्हणतो’ अशी कारणं निवडता यावीत, मग ठरावीक काळ गप्प.

चाळिशीपुढच्यांना फ्रॅक्स (फ्रॅक्चरच्या धोक्याचा हिशेब) आणि डेक्सा दोन्ही जोडा. डोस ७.५ मिग्रॅच्या वर असेल तर फ्रॅक्सचा मोठ्या फ्रॅक्चरचा आकडा १.१५ ने, खुब्याचा १.२ ने गुणायचा.

ॲलेन्ड्रोनेट (हाडांची झीज रोखणारी गोळी) ७० मिग्रॅच्या ओळीवर क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ३५ च्या खाली असेल तर अडवा. सूचना मराठीतच छापा: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

दादर_ओपीडी:
डेनोसुमॅबचं (हाडांची झीज रोखणारं इंजेक्शन) रिमाइंडर यातच बसेल?

हाडवैद्य_ठाणे:
बसेल, पण चिठ्ठीला नको, इंजेक्शन दिल्याच्या तारखेला बांधा. ६० मिग्रॅ दर ६ महिन्यांनी, म्हणून एसएमएस पाचव्या महिन्यात. डोस लांबला तर मणक्याची फ्रॅक्चर एकदम होऊ शकतात. ‘बंद करा’ दाबलं की पुढचं औषध विचारल्याशिवाय स्क्रीन सोडू नये.