बायपासनंतरचा व्यायाम: नुसत्या फेऱ्या पुरे, की दम लागेपर्यंत?

मृणाल (फिजिओथेरपिस्ट): बायपास झाली की घरचे 'दमू नका' म्हणतात, ते सुरुवातीला ठीकच. पण छातीचं हाड जुळून आलं, स्ट्रेस टेस्टही (व्यायाम करवून घेतलेली हृदयाची तपासणी) चांगली आली, तरी पेशंट संथ फेऱ्याच मारत राहतो, हे मला अजिबात पटत नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांची पद्धत अशी: कमाल हृदयगतीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर ४ मिनिटं जोर, मग ३ मिनिटं हळू, असं चारदा. २००७ मध्ये हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर झालेल्या) रुग्णांत याने प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ४६ टक्के वाढली, सलग मध्यम व्यायामाने १४. ही क्षमता चांगली असलेले लोक जास्त जगतात, म्हणून माझा हा हट्ट.

विनायक: मृणालताई, त्या अभ्यासात सगळे मिळून २७ जण, जोरवाले फक्त ९! एवढ्यावर सगळ्यांना दामटायचं? बेल्जियमच्या २०१५ च्या अभ्यासात २०० रुग्ण होते; १२ आठवड्यांनी जोराचा आणि मध्यम, दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. २०१७ च्या युरोपातल्या अभ्यासात जोराच्या गटातले निम्मे लोक ठरलेल्या तीव्रतेपर्यंत पोचलेच नाहीत. तेही शेजारी प्रशिक्षक उभा असताना. घरी एकट्याने काय होणार?

मृणाल: बेल्जियमचेच आकडे नीट बघा. तिथल्या 'मध्यम' गटाला ६५ ते ७५ टक्के सांगितलं होतं, त्यांनी केलं सुमारे ८०. म्हणजे तुमचे मध्यमवालेही चांगले घाम गाळत होते! आणि खास बायपासच्या ५९ रुग्णांवरचा २००९ चा अभ्यास आहे: ४ आठवड्यांनी फरक नव्हता, ६ महिन्यांनी जोराचा गट पुढे होता.

शुभांगी: टक्केवारी ठीक, पण ती मोजायची कशी? माझे सासरे बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी, घेतात. व्यायाम केंद्रात ट्रेडमिलवर कपाळावरून घाम ओघळत होता आणि नाडी मोजणाऱ्या पट्ट्यावर ९६! कमाल हृदयगतीचं '२२० वजा वय' हे सूत्र धरलं असतं तर वेग आणखी वाढवला असता. तिथल्या ताईंनी भिंतीवरचा ६ ते २० चा बोर्ग तक्ता (किती कष्ट वाटतात ते आकड्यात सांगायचा) दाखवला, सासऱ्यांनी १५ वर बोट ठेवलं. मग त्यांना बोलायला लावलं. वाक्य मध्येच तुटलं, तेव्हा वेग उतरवला.

मृणाल: अगदी बरोबर केलं. गोळी चालू असेल तर ते सूत्र वापरूच नये. नेहमीची गोळी घेऊनच स्ट्रेस टेस्ट करावी आणि त्यात आलेल्या कमाल गतीवरून टक्के काढावेत.

विनायक: ही चाचणी किती जणांची होते? आणि धोक्याचंही बोला. २०१२ मध्ये ४,८४६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली: जोराच्या ४६ हजारांवर तासांत २ कार्डियाक अरेस्ट (हृदय अचानक बंद पडणं), दोघेही वाचले; मध्यमच्या १ लाख २९ हजारांवर तासांत १, तो दगावला. आकडे इवलेसे आहेत, मान्य. पण तासांमागे प्रमाण जोराकडेच जास्त दिसतं, आणि ते दोघे वाचले कारण मदत हाताशी होती. केंद्रात, मॉनिटर लावून जोर करा, माझी ना नाही. घरी मात्र बोर्ग ११ ते १३, रोज, न चुकता.

मृणाल: घरी १३ च्या वर नको, हे पटलं. पण मग केंद्रातले आठवडे फेऱ्या मारण्यात घालवू नका.