कडाक्याच्या थंडीत उघड्यावरचे नाजूक पाम कसे टिकवावेत?

प्रश्न (साक्री तालुका)
नमस्कार. आमच्या शेतघरासमोर तीन वर्षांचे दोन बॉटल पाम आणि एक अरेका पाम उघड्यावर लावलेले आहेत. गेल्या जानेवारीत सलग काही रात्री पारा ५ अंशांच्या आसपास राहिला, तेव्हा अरेकाची पाने करपली आणि एका बॉटल पामचा पोंगा (शेंड्यातले न उलगडलेले कोवळे पान) हलकेच ओढताच हातात आला. त्याच्या बुडाला कुजकट वास येत होता. यंदा आधीपासून काय तयारी करावी?

उत्तर (यावल)
आमच्याकडे थंडीत केळीची निसवण (घड बाहेर पडणे) अडकते, म्हणून उत्तरेकडून येणारे वारे थोपवायला बांधावर शेवरी लावतो आणि रात्री पाणी देतो. ओली जमीन दिवसाची ऊब रात्री सोडत राहते, त्यामुळे हाच उपाय पामलाही चालावा. रोपांवर प्लॅस्टिकही टाकता येईल.

उत्तर (धुळे, रोपवाटिका)
पाण्याबद्दल सहमत आहे, मात्र ते बुंध्याशी द्यावे, पोंग्यात साचू देऊ नये. शेवरीने वारा अडतो हे खरे, पण दहिवर गोठते ते निरभ्र आणि निवांत रात्री. अशा रात्री जमिनीलगतचा गारवा भिंतीवरच्या तापमापकापेक्षा काही अंशांनी अधिक असतो, म्हणून झाडाच्या डोक्यावर आडोसा हवा. बांबूच्या चौकटीवर गोणपाट सायंकाळी टाकावे आणि सकाळी काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकले की तेथेच पान करपते, आणि उन्हात ते काढायचे राहिले तर आत भट्टी होते.

बॉटल पामला शेंडा एकच असतो, तो मेला की झाड गेले. म्हणून पोंगा निघालेल्या जागेतील कुजलेला भाग काढून, लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक मिसळून ते द्रावण तेथे ओतावे आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे. करपलेली पाने फेब्रुवारी संपेपर्यंत कापू नयेत, कारण तीच शेंड्याला पांघरूण देतात. दिवाळीनंतर युरिया बंद ठेवावा आणि पालाश (पोटॅश खत) पावसाळा सरतानाच द्यावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग थंडी सोसणाराच पाम आणला तर?

उत्तर (धुळे, रोपवाटिका)
चीनकडचा ट्रॅकीकार्पस पाम उणे १० अंशांखालीही तगतो, पण आपला ४४–४५ अंशांचा मे महिना त्याला मानवणार नाही. बॉटल पाम मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा, त्याला दहिवर ठाऊकच नाही. दोन्ही टोके सोसणारा हवा असेल तर वॉशिंग्टोनिया पाम घ्यावा. खरे तर नाल्याकाठी आपोआप उगवणारी आपली शिंदीही काही कमी देखणी नाही, पण ती विकत मिळत नाही म्हणून तिला कोणी विचारत नाही. अरेका मात्र मोठ्या कुंडीत हलवून डिसेंबर-जानेवारीत ओसरीवर घ्यावा, आणि नवी लागवड जूनमध्येच करावी, म्हणजे थंडीपूर्वी मुळे धरतात.

प्रश्नकर्ता
बांबू आणि गोणपाट याच आठवड्यात आणतो. दुसऱ्या बॉटल पामचा पोंगा आज ओढून पाहिला, तो घट्ट आहे.