डिझाइन की इंजिनिअरिंग, वाद चुकीच्या जागी चाललाय
कोणीतरी म्हटलंय की सॉफ्टवेअरचा धंदा इंजिनिअर चालवतात, डिझाइन म्हणजे वरची रंगरंगोटी. नाय पटलं. २००८ ला एअरबीएनबी (लोकांची घरं-खोल्या मुक्कामासाठी बुक करायची साइट) सुरू केली त्यातले दोघं, चेस्की आणि गेबिया, डिझाइन शिकलेले, पण तिसरा ब्लेचार्झिक इंजिनिअर होता, तो नसता तर साइट उभी कोण करणार होतं? उलट टोक म्हणजे गूगल, तिथे डिझाइनही आकड्यांवर ठरवायचे, दोन निळ्या रंगांत कुठला घ्यायचा ठरेना म्हणून मधल्या ४१ छटा टेस्टिंगला, असल्याच प्रकारांना कंटाळून २००९ मध्ये डग्लस बोमन हा डिझाइनर तिथून बाहेर पडला.

आता आपल्याकडचं बघा. तारकर्लीत होमस्टेवाल्या काकू बुकिंग कन्फर्म करतायत आणि नेमकी रेंज गेली (जाणारच). स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतं, काकू परत बटण दाबतात, परत दाबतात, आणि एका खोलीची दोन बुकिंगं. यात चूक कोणाची? डिझाइनरने 'पाठवलंय, रेंज आली की कळेल' असं दाखवायला हवं होतं, पण ते खरं ठरायला फोनने रिक्वेस्ट जपून ठेवायला हवी, आणि प्रत्येक बुकिंगला वेगळा नंबर देऊन तोच परत आला तर सर्व्हरने दुसरं बुकिंग करायचं नाही, हे काम इंजिनिअरचं. दोघं एका टेबलावर बसल्याशिवाय हे सुटत नाही हो. आणि स्क्रीनवरची ती फिकट करडी अक्षरं, मे महिन्याच्या उन्हात अंगणात उभं राहून कोणी वाचून दाखवा मला.