मदत हवी आहे: सापसनच्या मुळीची पूड सहा महिने पोटात गेली आहे

नमस्कार. माझी आई सत्तरीची, गाव कोकणात. सांधेदुखीवर गावातल्याच एकांनी दिलेली मुळीची पूड ती रोज सकाळी चिमूटभर कोमट पाण्यातून घेत होती. परवा गेले तेव्हा परसात वेल दाखवली. फिकट नळीसारखं वाकडं फूल, त्याला जांभळट ओठ, आणि वाळलेलं फळ उघडून उलट्या छत्रीसारखं लोंबत होतं. आई म्हणाली, "सापसन गं, आजी विंचवाला लावायची."

सापसन म्हणजे ॲरिस्टोलोकिया इंडिका. या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या गट १ मध्ये टाकलंय. १९९० च्या दशकात ब्रुसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला दिलेल्या गोळ्यांत याच कुळातली वनस्पती निघाली. कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या, काहींना पुढे मूत्रवाहिनीचा कर्करोग झाला. बाहेरून लावणं वेगळं, पण हे रोज पोटात गेलंय. उकळून हे आम्ल निघून जात नाही, हेही वाचलं.

पूड त्याच दिवशी बंद केली. डबी जपून ठेवली आहे.

क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का हे दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी उद्या करतेय. सोनोग्राफीही आत्ताच करावी का? पुढे किती वर्षं लक्ष ठेवावं लागतं? पुडीत हे आम्ल आहे का, हे महाराष्ट्रात कुठली प्रयोगशाळा तपासून देते? किडनीतज्ज्ञ किंवा वनस्पतिशास्त्राची माणसं असतील तर कृपया लिहा. शेजारच्या दोन काकूही तीच पूड घेतात, त्यांना पटेल असं काहीतरी हातात हवंय.