प्रत्येक मॅपिंगला वेगळा रँडम पत्ता: गरज की हौस?

शून्यपान:
हल्लेखोराला पत्ते आधी ओळखता येऊ नयेत म्हणून लिनक्समध्ये प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सुरू होताना एममॅपचा पाया, म्हणजे लायब्ररी वगैरे मेमरीत बसवायला (मॅपिंग) जिथून सुरुवात होते तो पत्ता, एकदाच रँडम ठरतो. पुढची मॅपिंग्ज त्याच्याखाली एकमेकांना खेटून बसत जातात. साहजिकच एका लायब्ररीचा पत्ता फुटला की शेजारच्या सगळ्यांचे पत्ते नुसत्या बेरीज-वजाबाकीने निघतात. म्हणून प्रत्येक मॅपिंगला स्वतंत्र रँडम जागा द्यावी, असा पॅच २०२० साली आला होता. मुख्य कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) तो घेतला नाही. माझ्या मते बरंच झालं.

एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) वर चार पातळ्यांचं पेज टेबल, म्हणजे प्रोग्रॅमचा पत्ता खऱ्या मेमरीतल्या ४ केबीच्या पानाशी जोडणारा तक्ता, धरा. सर्वांत खालच्या टेबलचं एक पान २ एमबी पत्ते सांभाळतं, त्याच्या वरचं १ जीबी, त्याच्याही वरचं ५१२ जीबी. मॅपिंग्ज शेजारी असली की ही पानं सामायिक वापरली जातात. प्रोसेसला मिळणाऱ्या १२८ टीबी पत्त्यांच्या मैदानात कुठेही भिरकावली, तर ४ केबीच्या एकट्या मॅपिंगपायी टेबलांचीच १२ केबी खर्ची पडतात. शिवाय एकसारख्या परवानग्यांची शेजारची मॅपिंग्ज कर्नल एकत्र करतो, तेही बंद. 'मॅक्स मॅप काउंट'ची, म्हणजे एका प्रोसेसच्या मॅपिंग्जच्या संख्येची, मूळ मर्यादा ६५५३० आहे. एरवी एकत्र झाली असती अशी हजारो मॅपिंग्ज सुटी राहिली, तर मोठा डेटाबेस ती गाठायला वेळ लावणार नाही.

रँडमायझेशनला माझा विरोध नाही. पण पायरी इतकी बारीक नको की पेज टेबल आणि टीएलबी (पत्त्यांच्या अलीकडच्या जोड्या लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा साठा) दोन्ही फाटून जातील.

खिंडार:
सपशेल असहमत. आणि तुमच्या हिशोबातही गफलत आहे. ५१२ जीबीचे कप्पे यूजरच्या वाट्याला २५६च येतात. म्हणजे त्या पातळीची पानं जास्तीत जास्त २५६, एकूण १ एमबी. त्यापुढे प्रत्येक नव्या मॅपिंगचा खर्च ८ केबी, १२ नव्हे.

पण मुद्दा केबींचा नाहीच. 'पायरी बारीक नको' म्हणत गेलं की काय होतं ते जानेवारी २०२४ मध्ये दिसलं. लिनक्स ५.१८ पासून काही फाइलसिस्टिम्सवर २ एमबी किंवा त्याहून मोठ्या लायब्ररी २ एमबीच्या सीमेवरच बसवल्या जाऊ लागल्या, का तर ह्यूज पेज (४ केबीऐवजी २ एमबीचं एकच पान) वापरता यावं. २ एमबीत ४ केबीची ५१२ पानं, म्हणजे रँडमपणाचे थेट ९ बिट गेले. ६४-बिटवर २८ चे १९ उरले. ३२-बिटवर मुळात ८च होते! तिथे लिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी) २ एमबीहून मोठी असली तर दर वेळी त्याच पत्त्यावर. सुरक्षेतली ही कपात कोणी जाहीर केली नव्हती, कोणी मागितली नव्हती. वेगाच्या पॅचमधून ती गुपचूप आली आणि बराच काळ कोणाच्या लक्षातही आली नाही.

शून्यपान:
३२-बिटवर जे झालं ते वाईटच, ती सक्ती नंतर काढलीही. पण ६४-बिटचे १९ बिट म्हणजे सव्वापाच लाख जागा. तेवढ्याने झोप उडत असेल तर 'एममॅप रँड बिट्स' ही रँडम बिटांची सेटिंग ३२ वर न्या, ९ वजा जाऊन २३ उरतात. ह्यूज पेजही मिळतं.
आणि तो १ एमबी प्रत्येक प्रोसेसमागे आहे, सर्व्हरवर हजारो प्रोसेस असतात.

खिंडार:
फोर्क करणाऱ्या (स्वतःची प्रत काढून मूल-प्रोसेस बनवणाऱ्या) सर्व्हरमध्ये मूल मेलं तरी पुढच्या मुलाला आईचीच मांडणी मिळते. हल्लेखोर सव्वापाच लाख वेळा निवांत दार ठोठावू शकतो. लॉगमध्ये क्रॅशचा खच पडेल म्हणता? तो बघतं कोण?

बडी_अलोकेटर:
दोघेही यूजरच्या बाजूलाच अडकलात. कर्नलने स्वतःपुरता हा वाद कधीच मिटवलाय. एक्स८६-६४ वर केएएसएलआर (कर्नलचा स्वतःचा पत्ता रँडम करणारी सोय) १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या पायरीने जागा निवडतो, म्हणजे फार तर ५१२ जागा. २०१९ च्या ५.२ मध्ये पेज अलोकेटरची (मेमरीची पानं वाटणाऱ्या भागाची) रिकामी यादी पिसण्याची सोय आली. ती ४ एमबीचे सर्वांत मोठे ठोकळेच पिसते, आतल्या पानांना हात लावत नाही, कारण तिथे ढवळलं तर ठोकळे पुन्हा जुळणार नाहीत. स्लॅबची (कर्नलच्या छोट्या वस्तू ठेवायच्या पानांची) फ्रीलिस्ट, म्हणजे रिकाम्या जागांची यादी, रँडम करणं तर जवळपास फुकट, स्लॅब जिथल्या तिथे, फक्त आतला क्रम बदलतो.

खरं फ्रॅगमेंटेशन (मेमरी तुकड्यांत वाया जाणं) पाहायचं तर ६.६ मधले रँडम केमॅलॉक कॅश, म्हणजे कर्नलच्या छोट्या मागण्या भागवणारे साठे, बघा. एकेका आकाराच्या १६ प्रती, त्यांतल्या कितीतरी अर्ध्या रिकाम्या. यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेल्या मेमरीच्या पुनर्वापरातून होणारा हल्ला) अवघड होतं हे मान्य, पण कमी मेमरीच्या उपकरणावर मी ते चालू करणार नाही.

खिंडार:
५१२ जागांना 'वाद मिटवला' म्हणायचं? २०१६ चा प्रीफेच साइड-चॅनेल (प्रोसेसरला लागणाऱ्या वेळेवरून पत्ता ताडणारा हल्ला), मग तसाच २०२२ चा एंट्रीब्लीड, जो केपीटीआय (कर्नल आणि यूजरची पेज टेबल्स वेगळी ठेवणारं संरक्षण) चालू असतानाही कर्नलचा पाया काढून देतो. आणि केपीटीआयचा पूर्वज कायझर तर पत्ते लपवण्यासाठीच जन्मला होता, कर्नलची मेमरी वाचू देणारी मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी नंतर उघड झाली.

शून्यपान:
हे तर माझ्याच बाजूचं झालं. पाया साइड-चॅनेलने फुटत असेल तर ९ चे ९० बिट करून काय साधणार? ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१७ च्या ६.२ मध्ये वेगळी वाट धरली: दर बूटसाठी कर्नलच्या ऑब्जेक्ट फाइल्स नव्या क्रमाने लिंक करायच्या. एक पॉइंटर फुटला तरी बाकीचं हाती लागत नाही आणि कर्नल राहतो एकसंध, पेज टेबलला काडीचा त्रास नाही. जागा विखरू नका, क्रम बदला.

बडी_अलोकेटर:
+१. फक्त डिस्ट्रोची (लिनक्स बांधून देणाऱ्या वितरकाची) सही केलेली कर्नल इमेज दर बूटला बदलायची तर सिक्युअर बूटचं, म्हणजे सही तपासूनच कर्नल सुरू करण्याचं, काय, तेही सांगा.

खिंडार:
तुमच्या कर्नलपुरतं चालेल. माझ्या ब्राउझरच्या रेंडरर (वेबपान दाखवणाऱ्या) प्रोसेसला लायब्ररी कोण लिंक करून देणार? तिथे प्रत्येक मॅपिंग रँडम करण्याचा प्रोसेसपुरता स्विच द्या. डेटाबेसने बंद ठेवावा, एसएसएच सर्व्हरने चालू. ८ केबी मी देतो.

शून्यपान:
प्रोसेसपुरता असेल तर माझी हरकत नाही. सगळ्यांच्या माथी मारू नका एवढंच.