मदत हवी आहे : दिवंगत फिलिपिनो गनिमी सैनिकाच्या सेवेला अमेरिकी मान्यता कशी मिळवावी?

नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. माझे यजमान फिलिपिनो आहेत आणि त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लुझॉन बेटावर जपानी सैन्याविरुद्ध लढणाऱ्या गनिमी तुकडीत होते. ते २००६ साली वारले. नव्वदी ओलांडलेल्या आजेसासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांच्या वतीने विचारत आहे.

ज्यांना हा विषय अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : २६ जुलै १९४१ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढून फिलिपीन्सचे सैन्य अमेरिकी सैन्याच्या सेवेत घेतले. एप्रिल १९४२ मध्ये बातान द्वीपकल्प जपानच्या हाती पडल्यानंतरही अनेकांनी डोंगरांतून लढा चालू ठेवला. युद्ध संपल्यावर मात्र फेब्रुवारी १९४६ मध्ये झालेल्या 'रिसिजन अ‍ॅक्ट'ने यांपैकी बहुतेकांची सेवा माजी सैनिकांच्या बऱ्याचशा लाभांपुरती ग्राह्य धरायची नाही असे ठरवले. (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नाराजी नोंदवली, पण सही केलीच.) २००९ साली एकरकमी भरपाईचा कायदा झाला आणि अमेरिकी नागरिक असलेल्यांना १५,००० तर इतरांना ९,००० डॉलर देण्याचे ठरले, परंतु अर्ज सैनिकाने स्वतः, तोही एका वर्षाच्या आत करायचा होता आणि अर्ज केल्यानंतर तो वारला तरच रक्कम पत्नीला मिळणार होती. म्हणजे सहा दशके वाट पाहून जे आधीच गेले, त्यांच्या विधवांना काहीच नाही. मला ही तरतूद मूळ कायद्याइतकीच कठोर वाटते.

पैशांची आशा आम्ही ठेवलेली नाही. २०१६ च्या कायद्यानुसार या सैनिकांना अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सुवर्णपदक जाहीर झाले आणि त्याची कांस्य प्रतिकृती वारसांनाही मिळू शकते. निदान ती आजेसासूबाईंच्या हाती पडावी, एवढेच मनात आहे. आमच्याकडे फिलिपीन्स सरकारच्या निवृत्तिवेतनाचे कागद आणि युद्धानंतर त्यांनी केलेले सेवेविषयीचे प्रतिज्ञापत्र आहे. मात्र अमेरिकी लष्कराच्या अभिलेखातील नोंद अद्याप हाती आलेली नाही.

सेंट लुईस येथील अभिलेख केंद्रातून गनिमी तुकड्यांच्या नोंदी कोणी मागवल्या आहेत का? फिलिपीन्समध्ये मधले नाव आईच्या माहेरचे आडनाव असते आणि ते काही कागदांवर आडनावाच्या जागी पडले आहे; अशा वेळी नावाची सर्व रूपे एकाच अर्जात द्यावीत, की प्रत्येकासाठी वेगळा अर्ज करावा? तुकडीप्रमुखाच्या नावावरून शोध घेता येतो का? स्थानिक काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत विचारणा केल्यास उत्तर लवकर येते, असे ऐकले आहे. तसा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावा.

कागद स्कॅन करून ठेवले आहेत. नावे व सेवाक्रमांक येथे उघड लिहीत नाही. पाहण्याची तयारी असलेल्यांना व्यक्तिगत निरोपाने पाठवीन.